मिस पेलमचा सुंदर प्रवास

गाडी जालना स्टेशनात येऊन थांबली तेव्हा पहिल्या वर्गाच्या डब्यात आधी उषाबाई चढली. तिने बाकावरची चामड्याची गादी ओल्या फडक्याने पुसली, तिच्यावर मेणकापड अंथरलं, मेणकापडावर चादर आणि चादरीवर जुन्या धोतराची चौघडी. बाकाखाली इनॅमलचं झाकणाचं भांडं सरकवलं. डब्यातल्या संडासात फिनेल ओतलं. मग खाली उतरून तिने आणि दोन हमालांनी मिळून मिस पेलमला वर घेतलं.

मिस पेलम विलायतेची. साठीच्या पुढची, उंच, हाडकुळी, आणि एकटीच हिंदुस्थान बघायला निघालेली. परत गेल्यावर ती या प्रवासाचं पुस्तक काढणार होती. तशी दोन पुस्तकं तिने आधी काढलेली होती, एक मिसर देशावर आणि एक सिलोनवर. औरंगाबादेकडची लेणी बघून ती सिकंदराबादेला निघाली आणि वाटेतच तिचं पोट बिघडलं. जालना येईपर्यंत रक्ताची आव पडायला लागली. गार्डने तिला उतरवून घेऊन मिशनच्या दवाखान्यात पोचवलं. तिथे नऊ दिवस ती उषाबाईच्या हाताखाली होती.

दहाव्या दिवशी तिने निघायचा हट्ट धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून आठ दिवस पडून राहा. आव थांबलेली नाही."

"बाहेर असला मुलूख पसरलेला असताना मी भिंतीकडे बघत पडणार नाही," मिस पेलम म्हणाली. "मला तो दिवसाउजेडी, खिडकीतून बघायचा आहे. त्यासाठीच मी सात हजार मैल आले."

सिकंदराबादेत तिची मैत्रीण वाट पाहत होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिच्याबरोबर उषाबाईला दिलं.

उषाबाई हसनाबादची. सतरा वर्षांची असताना नवऱ्याला पटकी झाली म्हणून त्याला बैलगाडीत घालून याच दवाखान्यात आली होती. नवरा तिसऱ्या दिवशी गेला. सासरच्यांनी तिला परत नेलं नाही आणि ती तिथेच राहिली. आधी फडकी धुवायला, मग नर्सिंग शिकायला, मग डॉक्टरीणबाईंकडून इंग्रजी लिहा-वाचायला. आता ती एकोणतीस वर्षांची होती. बारा वर्षांत तिने माणसाच्या अंगातून निघणारं सगळं काही हाताने उचललं होतं. नव्या पोरी ओकाऱ्या काढत मोरीकडे पळायच्या तेव्हा ती त्यांना सांगायची, "नाकाने नको, तोंडाने श्वास घ्या. मंग काही होत न्हाई."

१९३७ चा ऑक्टोबर होता. गाडी सुटली, शहरातल्या कापूस-जिनिंगच्या गिरण्यांचे पत्रे मागे पडले आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली. कपाशीला पिवळी फुलं होती, ज्वारी कणसात आलेली. मिस पेलमने उशीला टेकून खिडकीची काच खाली करायला लावली आणि चेहरा बाहेर काढला.

"नर्स! नर्स, ते बघ! झाडावर चढून तो माणूस काय करतोय?"

"माळा आहे, मिससाहेब. पाखरं राखतोय. गोफणीने दगड मारतात."

"गोफण! बायबलातल्यासारखी!" ती टाळी वाजवून हसली. "आणि तो ढग? अगं, तो ढग नाही, पक्षी आहेत!"

"भोरड्या आहेत. ज्वारीवर येतात."

"किती सुंदर! सगळंच किती सुंदर!" ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा आवळला. "नर्स. भांडं. लवकर."

उषाबाईने भांडं लावलं, पण वेळ झाला होता. चौघडी भिजली, चादर भिजली, पांढऱ्या पातळ मांड्यांवरून ओघळ खाली आला. डबा वासाने भरला. उषाबाईने तिला कुशीवर वळवलं, कोमट पाण्याने पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, चौघडी बदलली. मिस पेलम तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून होती. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही. उषाबाईचे हात तिच्या अंगाखाली असतानाच ती म्हणाली, "ते निळं पाखरू कोणतं?"

"नीलकंठ."

"एन. ई. ई. एल... हे मला नंतर लिहून दे."

काम झाल्यावर तिने उशीखालून युडीकोलनच्या सुगंधी पाण्याची बाटली काढली, रुमालावर ओतली आणि नाकाशी धरली. मग रुमाल नाकावर तसाच ठेवून उषाबाईला म्हणाली, "तू जरा त्या पलीकडच्या बाकावर बस. तुझ्या अंगाला फार वास येतो."

उषाबाई पलीकडच्या बाकावर बसली. वास कुणाचा होता ते तिला ठाऊक होतं. आजारी माणूस असंच बोलतं, असं ती स्वतःशी म्हणाली.

रांजणी जाईपर्यंत आणखी दोनदा झालं. त्यातल्या पहिल्या वेळी शेंबडासारखी आव आणि रक्ताचे धागे होते, दुसऱ्या वेळी रक्त जास्त. उषाबाईने ते भांड्यात हलवून नीट पाहिलं, मग डब्यातल्या संडासात ओतून टाकलं. खाली रूळ पळत होते. त्यांच्यावर ते सगळं शिंपडत गेलं. माश्या कुठून येत होत्या कोण जाणे. चालत्या गाडीत त्या आल्या आणि मिस पेलमच्या ओठांच्या कोपऱ्यांवर, चादरीवर, बार्लीच्या पाण्याच्या पेल्यावर बसल्या. उषाबाई हाकलून दमली.

परतूरच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली आणि सुटेचना. एक खोली, एक कडुलिंबाचं झाड, पाण्याची टाकी, एवढंच ते स्टेशन. अर्ध्या तासाने गार्ड खिडकीशी आला. टोपी काढून म्हणाला, "मेमसाब, आगे मालगाडी का इंजन बैठ गया है. दो घंटे लगेंगे, तीन भी लगेंगे." मग उषाबाईकडे वळून हळूच बोलला, "बाई, पाखाना इस्तेमाल नक्को करो. टेसन है."

तिसऱ्या वर्गातली माणसं एकेक करून खाली उतरली आणि लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. कुणी भाकरी सोडली, कुणी विड्या पेटवल्या. डबा भट्टीसारखा तापला. मिस पेलमला मात्र थांबा आवडला. ती उशीवर उठून बसली आणि लिंबाखालची पागोटी, लुगड्यांचे रंग, टाकीच्या गळतीखाली आंघोळ करणारा म्हातारा, सगळं डोळे भरून पाहत राहिली. रुमाल नाकाशी होताच.

"माझी वही काढ," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो. मी सांगते, तू लिही. तुझं अक्षर छान आहे."

वही जाड, हिरव्या कातडी बांधणीची होती. उषाबाईने लिहायला घेतलं. मिस पेलम सांगत होती, या मुलखात सकाळ कशी पाचूसारखी उगवते, शेतकरी किती साधे आणि सुखी, त्यांच्या बायका राण्यांसारख्या कशा चालतात. मग म्हणाली, "नवं वाक्य. मात्र एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. रोज पहाटे रुळांच्या कडेने ही माणसं पाण्याचे तांबे घेऊन रांगेने बसलेली असतात आणि गाडी जाताना मान वर करून आपल्याकडे पाहतात. स्वच्छता म्हणजे काय, आणि लाज म्हणजे काय, याची कल्पनाच या लोकांना... नर्स. भांडं."

या वेळी पुष्कळ झालं. उषाबाईने तिला साफ केलं आणि झाकण घातलेलं भांडं हातात घेऊन उभी राहिली. संडासात ओतलं असतं तर खाली, सगळ्यांच्या समोर, उभ्या गाडीखाली पडलं असतं. भांडं डब्यात ठेवलं असतं तर दोन तास त्या उन्हात माणूस गुदमरलं असतं. तिने भांड्यावर फडकं टाकलं आणि दार उघडून खाली उतरली. स्टेशनाच्या मागे बाभळीचं बन होतं, आणि तिकडे जायची वाट लिंबाच्या सावलीतूनच होती.

माणसं बोलायची थांबली. बायांनी नाकाला पदर लावले. फडक्यावर माश्यांचं मोहोळ बसलं होतं आणि ते तिच्याबरोबर चालत होतं. कुणी तरी म्हणालं, "झाडूवाली का काय गं ही? डोईला पांढरी टोपी!" एक पोर हसलं.

लिंबाच्या बुंध्याशी लाल पागोट्यातला एक माणूस बसलेला तिला दिसला. तो तिचा थोरला भाऊ होता, कडूबा. त्याच्या शेजारी आणखी दोन पागोटेवाले होते आणि त्यांच्या पलीकडे बायांमध्ये कडूबाची बायको चतुराबाई. उषाबाईला इतकं अचानक आपलं माणूस दिसलं की हातात काय आहे ते ती विसरली.

"दादा!" ती म्हणाली.

कडूबाने तिच्याकडे पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला. मग त्याने मान वळवली आणि शेजारच्या माणसापुढे हात केला. "जरा तंबाखू काढा, पाव्हणं."

"ओळखीची हाय का बाई?" त्या माणसाने विचारलं.

"न्हाई बा. दवाखान्याची असंल कोणी."

उषाबाई तशीच पुढे गेली. बाभळीच्या बनात तिने खड्डा बघून भांडं ओतलं, वाळलेल्या पाल्याने पुसलं, वर माती ढकलली. त्या जागी आधीच पुष्कळांनी येऊन घाण केलेली होती. पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती.  बारा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. ती बाभळीच्या खोडाला हात लावून उभी राहिली आणि सकाळचा चहा-भाकर सगळं बाहेर पडलं.

मागे पावलं वाजली. चतुराबाई आली होती. पाच-सहा हात अंतरावर थांबून ती म्हणाली, "वन्सं, राग नका येऊ देऊ."

"तुमी कुठं निघाला?"

"परतूरला. आपल्या पोरीची, नंदीची सोयरीक हाय. पोराकडचे पाव्हणे संगंच हायेत." चतुराबाईने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ह्यांनी त्यांना सांगितलं, बहीण दवाखान्यात वह्या लिहून राह्यली म्हणून. कचेरीत बसती म्हणून."

"आन मी हे करती ते तुमाला ठावं न्हाई का?"

"आमाला ठावं हाय, वन्सं. पण त्यांना... नंदीचं जमून राह्यलंय हो. पोरगं चांगलं हाय."  मग म्हणाली, "आता जाताना तिकडून नका जाऊ. रुळावरून जा, गाडीच्या पलीकडनं. एवढं ऐका."

तिने ओटीतून एक सीताफळ काढलं. ते हातात न देता एका दगडावर ठेवलं आणि मागे सरली. "खाऊन घ्या. घरचं हाय."

"राहू द्या. माझे हात घाण हायेत," उषाबाई म्हणाली.

ती पलीकडनंच गेली. इंजिनाला वळसा घालून, रुळांवरून, खडीवरून. त्या बाजूला फलाट नव्हता. डब्याच्या पायऱ्या छातीएवढ्या उंचीवर होत्या. एका हातात भांडं धरून, दुसऱ्या हाताने तापलेली सळई पकडून ती वर चढली तेव्हा सळईने तळहात भाजला. आत येऊन तिने कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा धुतले. तरी बोटांना तो वास होताच.

"किती वेळ लावलास!" मिस पेलम म्हणाली. "मला वाटलं तू पळूनच गेलीस. लिही. कुठे होतो आपण?"

"याची कल्पनाच या लोकांना."

"नाही. याची कल्पनाच या लोकांना नाही. पूर्णविराम." मिस पेलमने डोळे मिटले आणि सावकाश, चवीने सांगायला लागली. "लोक मला विचारतात, असल्या देशात तुम्ही एकट्या बाईने प्रवास केलात तरी कसा? माझं उत्तर सोपं आहे. उकळलेलं पाणी, साबण आणि थोडा निर्धार. तीन महिन्यांत मी एक दिवसही अंथरुणाला खिळले नाही. माझी कुठलीही खासगी गोष्ट मी नेटिव्ह हातांवर सोपवली नाही. माझं सगळं मी स्वतः केलं."

उषाबाईची लेखणी थांबली.

"लिहिलंस?"

"मिससाहेब, जालन्यातले नऊ दिवस?"

"ते पुस्तकात येत नसतात, नर्स. वाचकाला देश बघायचा असतो." मिस पेलमने डोळे उघडले नाहीत. "शिवाय कोण लिहितं असलं? लिही. माझं सगळं मी स्वतः केलं."

उषाबाईने ते वाक्य लिहिलं. अक्षर वळणदार आलं. तोवर मिस पेलमला झोप लागली. तिचं तोंड उघडं पडलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर आली आणि तिच्यावर माशी बसली. उषाबाई त्या माशीकडे पाहत राहिली. पंखा हातात होता, पण तो तिने हलवला नाही. बाहेर लिंबाखाली हसण्याचा आवाज झाला; त्यात तिने कडूबाचं हसणं ओळखलं. पाहुण्यांच्या कुठल्या तरी बोलण्यावर तो जरा जास्तच मोठ्याने हसत होता.

  तिला त्या उघड्या तोंडाची किळस आली, त्या हिरव्या वहीची आली, लाल पागोट्याची आली, आणि आपण रुळांवरून, पलीकडून, चोरासारखं चढून आलो याची सगळ्यांत जास्त आली.

दवाखान्यात प्रत्येक रोग्याच्या खाटेला एक तक्ता टांगलेला असे, आणि रोज रात्री नर्सने तो भरायचा असे. वेळ, किती वेळा, कसं, काय केलं. उषाबाईने वही पुढे ओढली. शेवटच्या वाक्याखाली एक ओळ सोडली आणि त्याच इंग्रजीत, त्याच वळणदार अक्षरात लिहायला घेतलं.

तिने काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. सव्वानऊला शौच, आव, चादर खराब, बदलली. साडेनऊला शौच, आव व रक्ताचे धागे. दहाला पुन्हा, रक्त जास्त. साडेअकराला शौच पुष्कळ. गाडी उभी असल्याने भांडं बाहेर नेऊन ओतलं. प्रत्येक वेळी रोग्याला पुसलं, पावडर लावली. नाडी शहाण्णव. बार्लीचं पाणी दोनदा. खाली सही केली, उषा, नर्स, आणि तारीख घातली.

दुपारी दोनला इंजिनाने शिट्टी दिली. माणसं धावत डब्यांत शिरली. गाडी हलली आणि मिस पेलमला जाग आली. बार्लीचं पाणी पिऊन ती ताजी झाली.

"वाचून दाखव," ती म्हणाली. "मला ऐकू दे कसं वाटतं ते."

उषाबाईने वाचलं. पाचूची सकाळ वाचली, साधे सुखी शेतकरी वाचले, रुळाकडेचे तांबे वाचले. मिस पेलम मान डोलवत होती. माझं सगळं मी स्वतः केलं, असं वाचून झाल्यावर उषाबाई थांबली नाही. आवाज न बदलता तिने पुढचं वाचलं. सव्वानऊला. साडेनऊला. दहाला.

मिस पेलमची मान डोलायची थांबली. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही, मिससाहेब. हे मी पाहिलं."

"माझ्या वहीत! माझ्या पुस्तकाच्या वहीत तू हे..." तिला दम लागला. "हे किळसवाणं आहे."

"होय," उषाबाई म्हणाली.

"फाड ते."

"वही तुमची आहे. तुम्ही फाडा."

मिस पेलमने वही ओढून घेतली. तिने पान धरून ओढलं. ते सरळ फाटेना. वाकडं होऊन अर्ध्यात तुटलं आणि दुसऱ्या बाजूची पाचूची सकाळ त्याच्याबरोबर गेली. तिने चुरगाळून तो कागद खिडकीबाहेर टाकला. वाऱ्याने तो मागे उडाला.

"परतूर आलं की तू उतर," ती म्हणाली. "मला तुझी गरज नाही."

उषाबाईने घड्याळाकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाईंनी मला सिकंदराबादपर्यंत पाठवलं आहे. मी तिथे उतरीन. लिहून घ्यायचं काम तेवढं मी यापुढे करणार नाही."

परतूर आलं. खिडकीतून उषाबाईला कडूबा, चतुराबाई आणि ते दोघे पाहुणे उतरताना दिसले. पाहुण्यांच्या हातातली पिशवी कडूबाने वाकून घेतली. या बाजूला त्याने पाहिलं नाही. चतुराबाईने एकदा पाहिलं आणि पदर पुढे ओढला. गाडी निघाली. उषाबाई उतरली नाही, आणि मिस पेलमनेही पुन्हा उतर म्हटलं नाही, कारण स्टेशन मागे पडायच्या आतच तिचा चेहरा आवळला आणि ती दात चावून म्हणाली, "भांडं."

नंतर सिकंदराबादपर्यंत त्या दोघींत दुसरा शब्द झाला नाही. भांडं, पाणी, औषध, एवढंच. बाहेर नद्या गेल्या, ताडाची बनं आली, खडकांचे ढीग आले. पण मिस पेलम आता खिडकीकडे तोंड करीत नव्हती. उषाबाई पुसत असताना ती छताकडे पाहत पडून राहायची आणि तिच्या कानशिलावरून पाणी ओघळायचं. उषाबाई ते पाणीही पुसायची. तिला दया यायला हवी होती. बारा वर्षांत प्रत्येक रोग्याची आली होती. तिने आत शोधून पाहिलं, तर फक्त मळमळ होती.

सिकंदराबादेला मैत्रीण मोटार घेऊन आली होती, गोरी, लठ्ठ, हातमोजे घातलेली. तिने मिस पेलमच्या गालाला गाल लावला आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"स्वर्गासारखा," मिस पेलम म्हणाली. "कशासाठीही चुकवला नसता."

उषाबाई मागे फडक्यांचं गाठोडं आणि भांडं घेऊन उभी होती. मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडून हमालाला सांगितलं, ते सामान मोटारीत ठेवू नकोस.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मिस पेलमचं पत्र आलं. त्यांनी उषाबाईला बोलावलं आणि त्यातली एक ओळ वाचून दाखवली. तुमची नर्स कामाला चोख आहे, पण तिचं मन ओंगळ आहे.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

उषाबाईने सगळं सांगितलं. कडूबाचं तेवढं सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "रोग्याच्या वहीत नर्सने लिहायचं नसतं."

"होय, बाई. चुकलं."

"जे लिहिलंस ते खरं होतं?"

"एकूण एक."

"बरं. जा." पत्र त्यांनी घडी घालून खणात ठेवलं. त्याच्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

दिवाळीच्या तोंडावर कडूबा स्वतः दवाखान्यात आला. आत आला नाही. पायरीशी उभा राहून त्याने निरोप पाठवला. उषाबाई वॉर्डातून तशीच बाहेर आली. कमरेला पांढरं कापड होतं आणि त्यावर कुणाच्या तरी जखमेचा पिवळा डाग.

"नंदीचं जमलं," कडूबा म्हणाला. "माघात लगीन हाय."

"चांगलं झालं, दादा."

"त्या दिशी..." त्याने पागोटं सारखं केलं. "त्या दिशी पाव्हणे होते. तुला तर समजतंच. मनात नको धरू. भाऊबीजेला ये. लग्नाला ये."

"येती की."

"पाव्हणे बी येतील भाऊबीजेला. नंदीला भेटायला, घर बघायला." त्याने तिच्या कमरेच्या कापडाकडे पाहिलं. "कुणी इचारलं तर तू बराबर सांगशील ना?"

"काय बराबर?"

"हेच, की वह्या लिहिती म्हणून."

उषाबाईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याने तिला खांद्यावर बसवून हसनाबादच्या बाजारात नेलं होतं, तोच हा माणूस. तो मनाने वाईट नव्हता. त्याच्या बोटांना तंबाखूचा पिवळा थर होता, ओठांच्या कडेला चुना वाळलेला.

"मी येती, दादा," ती म्हणाली. "पण कुणी इचारलं तर जे करती तेच सांगीन. आपणहून न्हाई सांगणार. इचारलं तर सांगीन."

"अगं, एवढ्यानं काय बिघडतं तुझं?"

"त्या दिशी मी रुळावरनं गेल्ती, दादा. वयनी म्हणली म्हणून गेल्ती. आता न्हाई जायची."

कडूबाला ते कळलं की नाही कोण जाणे. त्याने चंची सोडून गालात तंबाखूचा तोबरा भरला. आत वॉर्डात कुणी तरी कण्हत होतं.

"मंग ह्या सालाला राहू दे," तो शेवटी म्हणाला.

"राहू द्या."

जाण्याआधी त्याने गालातला तंबाखूचा तोबरा जिभेने पुढे आणला आणि पायरीवरच पचकन थुंकला. पिंक धुतल्या दगडावर लांब पसरली. मग धोतर सावरत तो फाटकाकडे चालू लागला आणि बैलगाडीत चढला.

उषाबाईने आतून बादली आणि खराटा आणला. गुडघ्यावर बसून तिने पायरी घासायला घेतली. पिंक दगडाच्या चिरेत शिरली होती. तिने तोंडाने श्वास घेतला आणि ती निघेपर्यंत घासत राहिली.